अंगकोर वाटला अडीच दिवस आहेत, पण जुने दगड बघून जांभया येतात. काय करू?

कच्चालिंबू:

मंडळी, मदत हवी आहे. जानेवारीत पहिल्यांदाच एकटा बॅकपॅक घेऊन निघतोय. हो ची मिन्ह सिटी, तिथून बसने कंबोडियात नॉम पेन्ह, मग सिएम रीप. सिएम रीपला डॉर्ममधला एक पलंग तीन रात्रींसाठी धरून ठेवलाय, म्हणजे हाताशी पक्के अडीच दिवस. जो भेटतो तो म्हणतो, तिथलं अंगकोर वाटचं जुनं देऊळ चुकवू नकोस.

आता खरं सांगतो, हसू नका. जुनी देवळं, पडके वाडे, लेणी असं काही असलं की अर्ध्या तासात मला जांभया सुरू होतात. कुठलं शतक, कुठला राजा, हे पाटीवर वाचतो आणि पुढच्या पाटीपर्यंत विसरतो. फोटो मात्र बरे काढतो.

तर एक दिवसाचं तिकीट काढून मोकळं व्हावं, की तीन दिवसांचं घ्यावं? पहाटे चारला उठून सूर्योदय बघण्यात खरंच काही आहे, की नुसती रील करायची हौस? गाइड लागतो का? आणि सगळं सायकलवर जमेल का? टुकटुकचे पैसे वाचले तर पुढे कामी येतील.

'गूगल कर' म्हणू नका. तिथूनच भंजाळून इथे आलोय.

हिशेबनीस:

आधी पैशाचं बोलू. एक दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. म्हणजे दुसरा आणि तिसरा दिवस मिळून २५ डॉलरला पडतात. तीनही दिवस लागोपाठ वापरले पाहिजेत असंही नाही, दहा दिवसांत कधीही वापर.

आता मेख. संध्याकाळी पाचनंतर तिकीट काढलंस तर ते दुसऱ्या दिवसापासून मोजतात, पण त्या संध्याकाळी सूर्यास्ताला आत सोडतात. तुझी बस दुपारी पोचली, की पिशवी डॉर्मवर टाक आणि सरळ तिकीट काढायला जा. तुझा तो 'अर्धा' दिवस फुकटात पदरात पडेल.

तिकीटघर देवळाच्या दारात नाही, अलीकडे गावाच्या बाजूला आहे. बरेच जण थेट देवळाच्या रस्त्याला लागतात आणि नाक्यावरून माघारी फिरतात. तिकिटावर तुझा फोटो छापतात, त्यामुळे दोघांत एक ही आयडिया चालत नाही. प्रत्येक मोठ्या देवळापाशी तपासतात. हरवलं तर नवीन काढावं लागतं. सांभाळ.

डॉलर सगळीकडे चालतात, सुटे मात्र रिएलमध्ये परत येतात. डॉलरला चार हजार रिएल धरलेस की तोंडी हिशेब जमतो. आणि नोटा कोऱ्या ने. काठाला नखाएवढी चीर असली तरी घेत नाहीत. माझी वीसची एक नोट अशीच अख्खी सहल फिरून परत आली.

दगडांबद्दल मला विचारू नकोस. ते भवानीताई सांगतील, त्यांना कोणीतरी हाक मारा.

भटकभवानी:

हाक ऐकली. अरे कच्च्या लिंबा, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीवर येते, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न तिकिटाचा नाहीच, जांभईचा आहे. त्यावर माझ्याकडे एक औषध आहे, पण सांगायला जरा लांबण लागेल. चहा घेऊन बस.

मी गेले ती बावन्नाव्या वर्षी. आठ जणांच्या डॉर्ममध्ये वरचा पलंग मिळाला होता आणि माझे गुडघे त्या लोखंडी शिडीच्या एकेका पायरीला वेगवेगळा आवाज काढायचे. बाकीची सातही पोरं माझ्या लेकीपेक्षा लहान. पहिल्याच पहाटे त्यांनी मला टुकटुकमध्ये कोंबलं आणि साडेचारला आम्ही अंगकोर वाटच्या खंदकाशी. खंदक म्हणजे केवढा, जवळजवळ १९० मीटर रुंद. अंधारात तो नदीसारखाच वाटतो. आत डाव्या हाताला एक तळं आहे, सगळी गर्दी तिथेच. समोरून सरळ बघितलं तर देवळाची तीनच शिखरं दिसतात, तळ्यापाशी कोपऱ्यातून पाच दिसतात, म्हणून. देवळाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य पाठीमागून येतो आणि आपल्याला शिखरांची काळी आकृती मिळते. त्या दिवशी ढग होते. मला दिसले ते शेकडो वर केलेले हात, आणि प्रत्येक हातात एक छोटं उजळलेलं देऊळ. खरं देऊळ बघायला मला टाचा उंचवाव्या लागल्या.

साडेसहाला गर्दी नाश्त्याला पांगली आणि मी आत गेले. आणि इथे घोळ घातला. तो घोळ तू घालू नयेस म्हणून हा सगळा पसारा.

आत पहिल्या चौथऱ्यावर चारही बाजूंनी ओवरी आहे, १८७ बाय २१५ मीटरची, आणि तिच्या आतल्या भिंतीवर सलग कोरीव काम. मी दारातून आत शिरले आणि सवयीने डावीकडे वळले. प्रदक्षिणा घालायची ती देव उजव्या हाताला ठेवून, हे हाडात मुरलेलं. विचारसुद्धा केला नाही. तर समोर काय, एकदम लंकेचं युद्ध. ठीक आहे म्हटलं. मग उत्तरेच्या बाजूला देव आणि असुर, कोण कोणाला मारतोय पत्ता नाही, काम पण जरा ओबडधोबड. मला वाटलं, एवढं नाव ऐकलं ते हेच का? मग समुद्रमंथन, तेही वासुकीच्या शेपटीकडून. नरक आधी, यम नंतर. आणि सगळ्यात शेवटी, पाय तुटायला आल्यावर, कुरुक्षेत्र. रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचल्यासारखं झालं.

संध्याकाळी डॉर्ममध्ये वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही भिंत उलट्या बाजूने वाचायची आहे, देऊळ डाव्या हाताला ठेवून. आपल्याकडे श्राद्धाला जानवं अपसव्य करतात ना, तशी ही अपसव्य चाल. शिवाय देवळाचं तोंड पश्चिमेला. या दोन गोष्टींवरून बरेच अभ्यासक म्हणतात, की विष्णूचं हे देऊळ बांधणाऱ्या राजाचं स्मारकही असावं. तो दुसरा सूर्यवर्मन, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मृत्यूनंतर त्याला परमविष्णुलोक म्हणायचे. हे नाव वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ते समजायला मला शब्दकोश लागला नाही.

हेच तुझं औषध. जगातल्या निम्म्या लोकांना ही भिंत म्हणजे खूप माणसं, खूप भाले, खूप हत्ती. तुला गोष्ट आधीच ठाऊक आहे. लहानपणी मालिकेत बघितलं असशील, आजीने सांगितलं असेल, काहीही असो. पाटी वाचूच नकोस. भिंतीसमोर उभा राहा आणि ओळखीची माणसं शोध.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी परत गेले. पश्चिमेच्या ओवरीत त्या वेळी ऊन खांबांमधून तिरपं शिरतं आणि कोरीव काम वर उठून येतं. फोटोसाठी म्हणशील तर हीच वेळ, आणि माणसं कमी. या वेळी दारातून उजवीकडे वळले. थोडी पावलं चालले आणि वरच्या बाजूला भीष्म दिसले. बाणांवर आडवे. आजूबाजूला मंडळी जमलेली. बघ, कोणी सांगावं लागलं नाही. पुढे सरकत गेलं की दोन्हीकडची पायदळं एकमेकांच्या दिशेने चालत येतात, आधी शिस्तीत, ओळीने, मग ओळी मोडतात, आणि मध्यावर नुसता गुंता, कोणाचा हात कोणाच्या मानेवर कळत नाही. त्या गर्दीत एका रथाचा सारथी चार हातांचा आहे. मी तिथे मोठ्याने "अगंबाई!" म्हणाले. शेजारच्या पोराने दचकून विचारलं, काय झालं?

सांगायला लागले त्याला. हा सारथी कोण, मागे धनुष्यवाला कोण, लढायला का तयार नव्हता. बोलता बोलता सहा-सात जण जमले. शेवटी एक स्थानिक गाइड हसत हसत आला आणि कानाशी म्हणाला, बाई, इथे गाइडगिरी करायला परवाना लागतो हं. मी ओशाळले. पण माणूस मोकळा होता. मला कोपऱ्यापलीकडे नेऊन म्हणाला, तुमचं रामायण तुम्हाला माहीत आहे, आता आमचं ऐका. ख्मेर, म्हणजे इथल्या लोकांचं रामायण वेगळं आहे, त्याला ते रिअमकेर म्हणतात. त्यात हनुमान सेतू बांधायला लागतो तेव्हा रावणाची मुलगी, जी जलपरी आहे, येऊन दगड पळवते. हनुमान तिला पकडायला पाण्यात उडी मारतो आणि तिच्याच प्रेमात पडतो! आपला ब्रह्मचारी मारुती! मी म्हटलं, हे आमच्याकडे सांगितलंत तर मार खाल. तो म्हणाला, म्हणून तर इथे सांगतोय.

तेव्हा गाइड लागतो का, याचं उत्तर: अर्ध्या दिवसासाठी घे. गोष्ट कळावी म्हणून नाही. त्यांची गोष्ट आपल्यापेक्षा कुठे वेगळी होते ते कळावं म्हणून.

कोपरा वळलास की दक्षिणेची भिंत. आधी खुद्द सूर्यवर्मन दरबार भरवून बसलाय, डोक्यावर छत्र्याच छत्र्या. मग सैन्याची मिरवणूक. त्यात स्यामचे, म्हणजे आजच्या थायलंडकडचे, भाडोत्री शिपाई शोध. ख्मेर सैनिक कसे ताठ, एका लयीत. आणि हे लोक फुलाफुलांचे झगे घालून, माना वळवून गप्पा मारत चाललेत, पायात पाय नाही. कोरणाऱ्याने शेजाऱ्यांची मुद्दाम टर उडवली आहे. ८५० वर्षांपूर्वीची टवाळी, पण बघताक्षणी कळते.

पुढे यम. रेड्यावर, भरपूर हातांचा. निकाल सांगायला चित्रगुप्त हजर. वरच्या पट्टीत पुण्यवान पालख्यांत बसून चाललेत, खालच्या पट्टीत पाप्यांची फरपट. मग एक झडप उघडते आणि माणसं खाली. ३७ स्वर्ग आणि ३२ नरक आहेत. स्वर्गात सगळे नुसते बसलेत, कंटाळवाणं काम. नरकात मात्र कोरणाऱ्याने जीव ओतलाय.

मग पूर्वेचं समुद्रमंथन. ४९ मीटर लांब, एकच दृश्य. असुर डोक्याकडे, देव शेपटीकडे, मधे विष्णू, खाली कूर्म. यातलं एक सांगते आणि थांबते. माणसांच्या पायाखाली पाण्याची पट्टी आहे, तिच्यात मासे, मगरी, कासवं. कडेला ती नीट पोहत आहेत. मंदाराच्या जवळ जवळ जा आणि खाली वाक. मासे कापले गेलेत. घुसळण्याच्या जोराने दोन तुकडे, मगरीचं डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. अमृताच्या गोष्टीत माशांचं काय झालं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

उत्तरेच्या बाजूचं काम सोळाव्या शतकात मागाहून केलेलं आहे आणि हात उतरलेला दिसतो. पाय दुखत असतील तर भराभर पुढे जा. लंकेला मात्र थांब. हनुमानाच्या खांद्यावर उभा राम दिसेल.

जाता जाता आणखी एक, तुझ्यासारख्याच भटक्याचं. आत दुसऱ्या चौथऱ्याकडे जाताना अधिकच्या चिन्हासारखी आडवी-उभी ओवरी लागते. तिथल्या एका खांबावर शाईने लिहिलेला जपानी मजकूर आहे, १६३२ सालचा. मोरिमोतो उकोंदायू काझुफुसा नावाचा एक सामुराई समुद्र ओलांडून आला आणि चार बुद्धमूर्ती अर्पण करून गेला. त्या काळातले जपानी या देवळाला जेतवन, म्हणजे भारतातला बुद्धाचा विहार समजायचे. म्हणजे पत्ता चुकला, पण माणूस पोचला. अक्षरं आता धड लागत नाहीत. तरी शोध.

गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाल. सगळ्यात वरच्या चौथऱ्यावर नुसती ओढणी-शाल खांद्यावर टाकून चालत नाही, बाही हवी. बौद्धांच्या पवित्र दिवशी तो चौथरा बंद असतो, आधी चौकशी कर.

सूर्योदय? झोप काढ.

पहाटपाखरू:

भवानीताईंचं सगळं मान्य, शेवटचे दोन शब्द सोडून. एका ढगाळ पहाटेवरून निकाल?

माझी पहाट अशी: तळ्याकडे फिरकलोच नाही. सरळ पुढे गेलो, देवळाच्या पायऱ्यांपाशी. मागे हजार माणसं तळ्याला चिकटलेली आणि मी एकटा, हवा गार, बेडूक ओरडताहेत. उजाडल्यावर ओवऱ्यांमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं, एक झाडणारी बाई होती फक्त. ती खराट्याने झाडत होती आणि खराट्याचा आवाज पार दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. हे दुपारी तीनला मिळणार आहे का? गर्दी नकोच असेल तर स्रा स्रांग नावाचा तलाव आहे, तोही पहाटे पाचला उघडतो. बाकीची बहुतेक देवळं साडेसातनंतर.

विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे २१ मार्च नि २३ सप्टेंबरला, सूर्य बरोब्बर मधल्या शिखरावर उगवतो. जानेवारीत ते नाही, उजवीकडे सरकलेला असतो. फोटो काढणाऱ्याने आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

लिंबूभाऊ, दगडांचा कंटाळा येतो म्हणालात म्हणून एक नाव देतो: बाफुओन. बायोन या चेहऱ्यांच्या देवळाच्या शेजारीच आहे. अकराव्या शतकातलं देऊळ, डोंगरासारखं रचलेलं आणि ढासळत चाललेलं. १९६०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्ववाल्यांनी ठरवलं, सगळं उतरवायचं आणि पुन्हा नीट रचायचं. दगड उतरवले, नोंदी केल्या, आजूबाजूच्या रानात मांडून ठेवले. सुमारे तीन लाख दगड. मग देशात युद्ध आलं, काम थांबलं, आणि ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात त्या नोंदींचे कागद नष्ट झाले. म्हणजे कोडं आहे, तुकडे आहेत, चित्र हरवलं. १९९५ साली पुन्हा हात घातला आणि २०११ साली पुरं केलं. तिथे पायरीवर बसून एक दगड निवडा आणि विचार करा, हा इथलाच हे कोणाला कसं कळलं असेल. जांभई आली तर माझं नाव बदला.

पश्चिमेच्या बाजूला जाऊन लांबून बघा. भिंतीच्या दगडांतून एक आडवा बुद्ध रचलेला आहे. जवळून दिसत नाही. मला दिसायला पाच मिनिटं लागली, आणि एकदा दिसल्यावर परत 'न दिसणं' जमेना.

दोनचाकी:

सायकलचं कोणी बोलतच नाहीये, म्हणून मी.

जमतं. रस्ता सपाट, दुतर्फा मोठी झाडं. गावातून अंगकोर वाट सहा-सात किलोमीटर. 'लहान फेरी' साधारण १७ किलोमीटरची: अंगकोर वाट, अंगकोर थोम हे तटबंदीचं जुनं शहर, त्यातलं बायोन, मग ता प्रोम, परत. 'मोठी फेरी' २६. साधी सायकल दिवसाला दोन-तीन डॉलरला मिळते, पण घेण्याआधी ब्रेक दाबून बघ आणि सीट उंच करून घे. मी केली नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण झाली.

सकाळी सातला निघ, अकरापर्यंत काम उरक, दुपारी सावलीत आडवा हो, तीननंतर पुन्हा. जानेवारीत ऊन सोसवतं, एप्रिलमध्ये मात्र सायकलचा विचारही करू नये. पाणी भरपूर. आणि अंगकोर वाटच्या माकडांसमोर पिशवीची चेन उघडू नकोस. माझं बिस्किटांचं पुडकं चेनसकट गेलं.

अंगकोर थोमच्या दक्षिण दरवाजाला सायकलवरून शिरणं हे माझ्या मते पहिलं बक्षीस. पुलाच्या दोन्ही कठड्यांवर ५४-५४ देव आणि असुर नागाला ओढताहेत, पुन्हा मंथनच, आणि समोर दरवाजावर चार दिशांना बघणारे चेहरे. बऱ्याच मूर्तींची डोकी नवीन बसवलेली आहेत, रंगावरून लगेच कळतं. काही जुनी चोरीला गेली, काही संग्रहालयात आहेत.

बान्ते स्रेईचं देऊळ मात्र सायकलवर करू नकोस. ३५ किलोमीटर एका बाजूला. तेवढ्यासाठी डॉर्ममधले दोघं-तिघं गाठ आणि टुकटुकचं भाडं वाटून घ्या. निघण्याआधीच बोली पक्की करायची, जाऊन-येऊन, थांबण्यासकट. आमच्याकडे एकाने मध्येच 'लांबचा आकार' म्हणून वाढवून मागितले होते.

कच्चालिंबू:

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. तीन दिवसांचं घेतो, पाचनंतर.

भवानीताई, बान्ते स्रेईला खरंच जाऊ का? लहान आहे म्हणतात. आणि झाडाच्या मुळांचं ते प्रसिद्ध देऊळ?

भटकभवानी:

लहान आहे म्हणूनच जा. इ. स. ९६७ सालचं, म्हणजे अंगकोर वाटच्याही आधीचं. राजाने बांधलेलं नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधलं. गुलाबी वालुकाश्म आहे, लाकूड कोरावं तसं कोरलंय, दारांची उंची माणसाला वाकायला लावणारी. कैलास हलवणारा रावण तिथे आहे. वेरूळच्या सोळा नंबरात बघितला असशील तर दोन्ही मनात शेजारी ठेव. वेरूळचा रावण सगळा डोंगर पाठीवर पेलतोय, ताकदीचा खेळ. इथला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा, आणि प्रत्येक पायरीवर घाबरलेली मंडळी: कोणी तपस्वी, कोणी प्राणी. एकेकाचा चेहरा बघ. सकाळी लवकर जा, ऊन डोक्यावर आलं की दगडाचा तो रंग फिका पडतो.

मुळांचं देऊळ म्हणजे ता प्रोम. सातव्या जयवर्मनने ११८६ साली आईच्या नावाने बांधलं. तिथली डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने कंबोडियाच्या लोकांबरोबर केली आहे. झाड काढलं तर भिंत पडते, ठेवलं तरी भिंत पडते, असं अवघड जागेचं दुखणं. फोटोच्या जागेवर रांग असते, लोक एकेक करून झाडासमोर उभे राहतात. मी रांगेत राहिले नाही. बाजूच्या एका दारात शिरले आणि वर बघितलं तर छताच्या फटीतून एक मूळ आत आलेलं, मनगटाएवढं, खाली जमीन शोधत लोंबत होतं. ते मला जास्त आवडलं.

बायोनला गेलास की चेहऱ्यांचे फोटो काढून झाल्यावर बाहेरच्या भिंतीकडे उतर. तिथे देव कमी, माणसं जास्त. बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, बाळंत होणारी बाई. तळ्यावरची नौकांची लढाई आहे, तिच्यात खाली मगर टपून बसली आहे पडणाऱ्यासाठी. भवानीचा सल्ला इथे संपला. निघ आता.

कच्चालिंबू:

मंडळी, सिएम रीपहून लिहितोय. डॉर्म, खालचा पलंग मिळालाय.

पहिल्या संध्याकाळी हिशेबनीसांचं ऐकून पाचला तिकीट काढलं आणि सूर्यास्ताला नोम बाखेंगच्या टेकडीकडे धावलो. वर एका वेळी ३०० जणांनाच सोडतात, माझ्या पुढे भलीमोठी रांग. वर पोचलो तेव्हा सूर्य गेला होता. बसलो थोडा वेळ अंधार पडेपर्यंत.

काल पहाटे पहाटपाखरूंचं ऐकलं. ढग नव्हते. तळ्याकडे न जाता सरळ गेलो, बेडूक पण ऐकले. पण भवानीताई, कबूल करतो, दारातून आत शिरल्यावर पाय आपोआप डावीकडे वळले. पाच पावलं गेलो, रावणाचे हात दिसले, तेव्हा आठवलं. परत फिरलो. भीष्म सापडले. स्यामचे शिपाई सापडले, खरंच गप्पा मारत चाललेत, आणि त्यातल्या एकाचा चेहरा हुबेहूब आमच्या डॉर्ममधल्या एकासारखा आहे. त्याला फोटो दाखवला, त्याला पटलं नाही.

गाइड अर्धा दिवस घेतला. जलपरीची गोष्ट मी मुद्दाम विचारली. त्याने ती सांगितलीच, वर म्हणाला, परवा एका बाईंना सांगितली तर त्या भडकल्या. तुम्ही नव्हेत, पण बहुधा तुमच्यासारख्याच कोणीतरी.

जपानी खांब शोधायला चाळीस मिनिटं गेली. सापडला की नाही नक्की सांगता येत नाही. काळपट काहीतरी होतं.

आज सायकल. बाफुओनच्या मागे पंक्चर झाली. ढकलत रस्त्यापर्यंत आणली, एका टुकटुकवाल्याने सायकल मागे बांधून गावात सोडलं. वाचवलेले पैसे गेले. आडवा बुद्ध मात्र दिसला, तेवढ्यासाठी मी पंधरा मिनिटं उन्हात उभा होतो. पंक्चरही तेव्हाच झालं असावं.

जांभया आल्या. पण त्या चारला उठल्यामुळे.

उद्या दुपारची बस आहे. बान्ते स्रेई होणार नाही, टुकटुक वाटून घ्यायला कोणी मिळालं नाही. सकाळी सातला परत अंगकोर वाटला जातोय. काल मंथनापाशी पोचेपर्यंत कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती आणि मासे राहिले.

हिशेबनीस:

म्हणजे तिसरा दिवस पण वापरलास. जमलं. बस चुकवू नकोस, मासे खूप आहेत.